हजेरी मोठ्यानं घेते

सकाळी सात पस्तीस. चौथी ब, विडी घरकुलातली शाळा.
तेराव्या नावाला मी आवाज चढवते:
श्रीहरी अंबय्या चिलवेरी.
वर्गाला वाटतं, बाई त्याच्यावर चिडलेल्या असतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो अकरा दिवस आला नाही.
मी 'गै' लिहीत गेले, एकापुढे एक.
शेजारच्या मुलीनं निरोप आणला,
"बाई, त्याच्या घरी अम्मा आलीय."
दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद,
औषध नको, अम्मा रागावते.
कानामागून निघालेला गोवर
दोन दिवसांत पोटावर उतरला.
सगळे म्हणाले, बाहेर पडला ते बरं झालं.
मग पुरळ गेलं.
कान वाहायला लागला,
तो वाहतच राहिला.

अंबय्याला यंत्रमागानं बहिरं केलं,
पण चाळिशी उलटल्यावर.
त्याच्या बापालाही तसंच.
त्या घरात ऐकू न येणं ही उतारवयातली पेन्शन.
पोराला ती आठव्या वर्षीच लागू झाली,
एकदाही धोटा हातात न धरता.

माझ्या कपाटात, खडूच्या खोक्याखाली,
तो दुसरीत होता तेव्हाचा एक कागद आहे.
लसीचं संमतिपत्र.
पालकांची सही: कोरी.
त्या आठवड्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म होते,
पोषण आहाराची तपासणी होती,
बत्तीस सह्या आल्या, पाच आल्या नाहीत.
मी शेरा मारला: 'पालक तयार नाहीत.'
विचारलंच नव्हतं मी.

यंदा विचारायला गेले.
त्याची बहीण अखिला पहिलीत आलीय, माझ्या वर्गात नाही, तरी गेले.
राजमणी उंबऱ्यात, सूप मांडीवर.
पान, चिमूटभर तंबाखू, दोरा.
मान वर न करता म्हणाली,
"सुईनं ताप येतो म्हणतात बाई.
ताप आला की पोरगी मांडीवरून उतरत नाही.
मग हजार विड्या कोण वळणार, तुम्ही?"
मी म्हणाले, येतो कधी कधी. एखादा दिवस.
पुढचं बोलायला तोंड उघडलं
आणि दोघींची नजर एकदमच तिकडे गेली.

पाचव्या दिवशीचं पाणी आलं होतं.
हंड्यात धो धो पडत होतं,
अख्खी गल्ली ओरडत होती, नीळ्ळु, नीळ्ळु,
आणि श्रीहरी नळाकडे पाठ करून
पानांच्या कात्रणांची होडी करत बसलेला.

राजमणीनं हात पदराला पुसले.
सही येते तिला, विडी कार्डावर करते.
हळू केली, रेघ न सोडता.
'रा'वर तंबाखूचा डाग पडला. असू दे.

बुधवारी शमशाद सिस्टर निळी पेटी घेऊन आल्या.
बाहेर बेचाळीस, पेटीत बर्फ.
पेटीवर टिचकी मारून म्हणाल्या,
"अख्ख्या सोलापुरात गार जागा ही एकच."
अखिला रांगेत सातवी.
सुई टोचेपर्यंत फार शूर होती.
अर्धा तास बसवून ठेवलं, तेवढ्यात
भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन हात माझ्या साडीला पुसला.
संध्याकाळी अंग गरम झालं.
राजमणी त्या दिवशी सातशेवर थांबली.
सकाळी निरोप आला: उतरला.

अजून चार घरं बाकी आहेत.
एकानं काल दार लावून घेतलं,
आतून टीव्हीचा आवाज वाढवला.
उद्या परत जाईन. शेऱ्याचा रकाना
या वर्षी मी पेनानं भरणार नाही, पायांनी भरणार.

तेरा.
तो माझ्या ओठांकडे बघत असतो.
"हजर," म्हणतो,
गरजेपेक्षा जरा मोठ्यानं,
मागावरची माणसं बोलतात तसं.